जोडीदार ढिला पडलाय का?

वाचकाचं पत्र, ओळखीचे तपशील गाळून:

मी ३२ वर्षांचा आहे. चार वर्षं वजनं उचलतोय, त्यातली अडीच एकाच मित्राबरोबर. आठवड्याचे सहा दिवस जिम, आणि प्रत्येक सेट (न थांबता सलग केलेल्या उचलींची एक फेरी) फेल्युअरपर्यंत, म्हणजे बार वर जायचा थांबेपर्यंत. अर्धवट सोडलेला सेट म्हणजे न केलेला सेट, असं मी मानतो. आठ महिन्यांपूर्वी मित्राला मुलगी झाली. तेव्हापासून तो तीनच दिवस येतो, पाच रेप्स, म्हणजे उचली, झाल्या की बार रॅकला लावतो आणि वर हसून सांगतो, "अजून दोन निघाल्या असत्या." त्याच्यातली आग विझली आहे. त्याच्या शेजारी व्यायाम करताना माझाही जोर कमी पडतो. (त्याचा स्क्वॉट मात्र या काळात १२० किलोवरून १३५ वर गेला. त्याआधी वर्षभर १२० लाच अडकला होता. पण त्याचे पाय मुळातच चांगले आहेत.) माझा बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन बार छातीवरून वर ढकलणं) सात महिने ९२.५ किलो, पाच रेप्स यावर ठप्प आहे. डावा खांदा दुखतो, म्हणून जायच्या आधी गोळी घेतो. रात्री झोप लवकर लागत नाही. बायको म्हणते, सुट्टीच्या दिवशी मी घरात सगळ्यांच्या अंगावर येतो. मित्राला सोडून एकट्यानं सुरू करावं का? आणि माझ्या व्यायामात अजून काय वाढवू?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही कंसात टाकली आहे. तिथूनच सुरुवात करते.

ज्याची आग विझली म्हणता, त्याचा स्क्वॉट आठ महिन्यांत १५ किलोनं वाढला. तुमचा बेंच जागचा हललेला नाही. त्याचे पाय मुळातच चांगले असतीलही, पण १२० ला वर्षभर अडकले होते तेव्हाही पाय त्याचेच होते ना? घरात तान्हं मूल, रात्रीची झोप तुकड्या-तुकड्यांची, जिमचे दिवस निम्म्यावर, आणि तरी हा माणूस पुढे सरकतोय. मी तुमच्या जागी असते तर चिडण्याआधी त्याची वही मागून घेतली असती.

"अजून काय वाढवू" असं तुम्ही विचारता. सहा दिवस आहेत, प्रत्येक सेट शेवटपर्यंत आहे, गोळीही आहे. आता वाढवायला उरलंय काय, मलाही कळेना. तुमची मेहनत मी कमी लेखत नाही. चार वर्षं नेमानं जाणारे फार थोडे असतात. पण तुम्ही दमण्याला पावती समजू लागला आहात, असं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. अंग मोडून आलं की आजचा दिवस सार्थकी लागला, हातात थोडी ताकद शिल्लक राहिली की चोरी केल्यासारखं वाटायचं. ताकद मात्र तुमच्या दमण्याचा हिशेब ठेवत नाही. मागच्या महिन्यापेक्षा बारवर किती जास्त चढलं, एवढंच तिला कळतं.

मुळात "इंटेन्सिटी" या शब्दानंच बराच घोळ घातलाय. वेटलिफ्टर आणि पॉवरलिफ्टर हा शब्द बहुधा वजनाबद्दल वापरतात: तुम्ही एकदाच उचलू शकता त्या कमाल वजनाच्या किती टक्के बारवर आहे. बॉडीबिल्डिंगकडून आलेली मंडळी तोच शब्द जोराबद्दल वापरतात: सेट संपला तेव्हा अंगात किती उरलं होतं. ज्याची कमाल १०० किलो आहे त्यानं ६० किलो घेऊन बार अडेपर्यंत रेप्स काढल्या, तर एका मापानं तो साठ टक्क्यांवर आहे आणि दुसऱ्या मापानं थेट टोकाला. त्यानंच ८५ किलोच्या तीन स्वच्छ रेप्स काढून बार ठेवला, तर मापं उलटी होतात. तुमचा मित्र पहिलं माप सांभाळतोय, तुम्ही दुसरं. दोघांच्या तोंडी शब्द एकच, म्हणून तुम्हाला वाटतं की एकजण खरं करतोय आणि दुसरा नाटक.

शेवटपर्यंत जाण्याला आधार आहे, हे आधी कबूल करते. एलवुड हेनमन या शरीरशास्त्रज्ञानं १९५० आणि ६० च्या दशकांत दाखवून दिलं की मज्जासंस्था स्नायूंच्या तंतूंचे गट ठरलेल्या क्रमानं कामाला लावते, आधी लहान, मग मोठे. हलक्या वजनाच्या सेटमध्ये मोठे गट शेवटी शेवटी जागे होतात, म्हणून तिथल्या अखेरच्या काही रेप्सना किंमत असते. पण बारवर तुमच्या कमालीच्या ८५ टक्के असतील तर हे गट जवळपास पहिल्या रेपपासूनच कामाला लागलेले असतात. तिथे शेवटची, बार थरथरत मध्येच अडकणारी रेप फारसं नवं काही देत नाही. वर त्या एका रेपचं कर्ज पुढच्या सेटला आणि पुढच्या दिवसाला फेडावं लागतं. फेल्युअरपर्यंत जाणाऱ्यांची आणि थोडं आधी थांबणाऱ्यांची तुलना करणारे अभ्यास बरेच झाले आहेत. ताकदीच्या बाबतीत टोकाला जाणाऱ्यांना ठळक फायदा दिसत नाही. स्नायूंच्या आकारासाठी टोकाच्या जवळ जाणं उपयोगी पडतं. जवळ म्हणजे एक ते तीन रेप्स अलीकडे, आणि तुमचा मित्र "अजून दोन निघाल्या असत्या" म्हणतो तेव्हा तो नेमका तिथेच उभा असतो.

आता तुम्ही म्हणाल, मोठमोठे लोक फेल्युअरवरच वाढले. बरोबर आहे. १९७० च्या दशकात नॉटिलस या व्यायामाच्या यंत्रांचे जनक आर्थर जोन्स यांनी एकच सेट, पण जीव ओतून, ही पद्धत गाजवली. १९७९ च्या मिस्टर ऑलिंपिया या बॉडीबिल्डिंग स्पर्धेत वजनदार गट जिंकणारा माइक मेंट्झर तीच सांगत राहिला, आणि १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपियाचा किताब जिंकणारा डोरियन येट्स त्याच वाटेचा. पण यातली अर्धीच गोष्ट जिमच्या भिंतीवर चिकटते. जोन्स यांचा आग्रह होता की व्यायाम इतका कडक असेल तर तो थोडा आणि कमी वेळा असायला हवा. येट्स बहराच्या वर्षांत आठवड्यातून चार दिवस व्यायाम करायचा आणि वॉर्म-अपनंतर बहुतेक व्यायामांचा खरा सेट एकच. तुम्ही त्यांचा कडकपणा उचललात आणि दिवस मात्र दुसऱ्याच कुणाचे. शिवाय येट्सचा बायसेप १९९४ मध्ये फाटला आणि ट्रायसेप १९९७ मध्ये, तो त्याचा शेवटचा विजय. किताबासाठी अशी किंमत मोजायची की नाही, हा त्याचा निर्णय होता. तुम्हाला सोमवारी कामावर जायचंय.

मला स्वतःला याहून जवळचा वाटतो थॉमस डीलॉर्म. हा अमेरिकी लष्करातला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पुन्हा उभे करायला त्यानं वजनं वापरली आणि १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली: दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्यानं आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स यानं स्वतःचीच पद्धत कापून तीन सेटवर आणली. पहिला सेट दहा रेप्सच्या कमाल वजनाच्या निम्म्यानं, दुसरा पाऊण, आणि तिसराच पूर्ण वजनाचा. इतकं काम लागत नाही, उलट आड येतं, असं त्याला रुग्णांकडे बघून कळलं होतं. आपलीच पद्धत जाहीरपणे निम्म्याहून कमी करायला त्याला काय वाटलं असेल, हा विचार मी अधूनमधून करते.

हे सगळं मला पुस्तकं वाचून उमगलं असा आव आणत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही तुमच्यासारखीच होते. एका संध्याकाळी जिम रिकामी, स्पॉटर (बार अडला तर धरायला शेजारी उभा राहणारा) नाही, आणि मी बेंचवर. बारच्या दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट लावलेल्या. सहावी रेप छातीवरून चार बोटं वर आली आणि थांबली. आपण हरतोय हे कळायला एक सेकंद लागतो, तो सेकंद फार लांब असतो. बार हळूहळू परत छातीवर टेकला. क्लिपा नसत्या तर एक बाजू कलती करून प्लेट सरकवून टाकता आल्या असत्या. मग तो बार बरगड्यांवरून, पोटावरून, मांड्यांपर्यंत लाटण्यासारखा लाटत आणला आणि उठून बसले. वहीत त्या दिवसाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, कौतुकाच्या. ती वही अजून आहे. त्या रेघांच्या पुढचे अकरा दिवस कोरे आहेत, कारण बरगडी दुखत होती आणि हसतानासुद्धा कळ यायची. त्या वेळी मला त्या दोन रेघा दिसायच्या, कोरी पानं दिसायची नाहीत.

आता तुमचा खांदा. इथे मी सल्ला देणारी बाई थोडी कडक होणार आहे. गोळी घेऊन बेंच करणं बंद, आजपासून. दुखणं दाबलं की खांदा जे सांगत होता ते तुम्हाला ऐकू येत नाही, एवढाच त्याचा परिणाम. व्यायामानंतरची ठणक वेगळी असते: ती स्नायूभर पसरलेली असते, एक ते तीन दिवसांत कळसाला पोचते आणि ओसरते. एका बिंदूवर, ठरावीक कोनात हात गेला की येणारी कळ, त्या कुशीवर झोपल्यावर जागं करणारं दुखणं, आठवडे न हटणारं दुखणं, हे सांध्याचं किंवा स्नायूबंधाचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोराचं) काम असतं आणि ते डॉक्टरला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवायचं असतं. स्नायूबंध हे स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात. छाती आणि हात पुढे निघून जातात, खांद्याचे दोर मागे राहतात, आणि सहा दिवसांच्या वेळापत्रकात त्यांना गाठायला सवडच मिळत नाही. याच ओघात सगळ्याच वाचकांसाठी एक: फार जबरदस्त व्यायामानंतर स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रुग्णालय गाठा. स्नायू तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर आलेली असू शकतात.

झोप न लागणं, चिडचिड आणि महिनोन्महिने एकाच आकड्यावर अडकणं ही तिन्ही एकत्र आली की मला आधी शंका येते ती विश्रांतीच्या तुटीची. झोपेला आणि चिडचिडीला इतरही कारणं असतात, डॉक्टरांकडे जाल तेव्हा तेही बोला. एक गोष्ट मात्र टोचली. सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या अंगावर जाता, हे तुम्ही बायकोचं म्हणणं म्हणून लिहिलंत. स्वतःला काय वाटतं ते लिहिलं नाहीत. व्यायाम हुकला की अपराधी वाटतं का? त्या दिवशी आरशात बघताना आकसल्यासारखं वाटतं का? उत्तर मला कळवायची गरज नाही. पण "हो" असेल, तर बेंचच्या आकड्याआधी त्याबद्दल कुणाशी तरी बोलायला हवं, मग तो समुपदेशक असो किंवा तीच बायको, जिचं निरीक्षण तुम्ही इतक्या प्रामाणिकपणे लिहून पाठवलंत.

काय करायचं ते सांगते. खांदा दाखवून झाला आणि बेंचला परवानगी मिळाली, असं धरून चालते. पहिला आठवडा निम्मे सेट, एकही शेवटपर्यंत नाही. मग चार दिवस, त्यात बेंच दोनदा. एका दिवशी ८० किलो, पाच रेप्स, चार सेट. दुसऱ्या दिवशी त्याहून हलकं. ८० किलो तुम्हाला लाजिरवाणं वाटेल. वाटू द्या. दर आठवड्याला दोन्ही बाजूंना १.२५ ची एकेक प्लेट चढवा, म्हणजे सहाव्या आठवड्यात ९२.५ पुन्हा समोर येईल. तेव्हा चार सेटचा हट्ट नको, एकच सेट करा आणि पाचव्या रेपनंतर हातात काही उरतंय का ते बघा. उरलं तर कोंडी फुटली. नाही उरलं तर ८५ पासून पुन्हा चढा, आणि वाढ निम्मी ठेवायला बारीक प्लेट मिळवा. हे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. खांदा कुरकुरला तर आठवडा जागेवर थांबायचं.

वहीत प्रत्येक सेटपुढे एक आकडा जास्तीचा लिहा: अजून किती निघाल्या असत्या. हा अंदाज सुरुवातीला चुकतो. बहुतेकांना वाटतं आता दोनच उरल्या, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त उरलेल्या असतात. म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी, जिथे बार अंगावर येऊ शकत नाही अशा व्यायामात, केबल रोइंग किंवा लेग एक्स्टेन्शनमध्ये, शेवटचा सेट खरोखर टोकापर्यंत न्या आणि आधी केलेला अंदाज ताडून बघा. तुमचं फेल्युअरवरचं प्रेम मी पूर्ण काढून घेत नाहीये. त्याची जागा बदलतेय.

तुम्ही खाण्याबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून एवढंच: शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं स्नायूवाढीसाठी पुरतात. निरोगी माणसानं त्याहून जास्तीच्या मागे धावू नये, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यानं आधी डॉक्टरला विचारावं. सात तासांपेक्षा कमी झोपून व्यायामाचा सहावा दिवस गाठणाऱ्याला मी त्या दिवशी अंथरुणातच ठेवीन.

इथे दुसऱ्या टोकाच्या वाचकांना हाक मारते, कारण हे उत्तर वाचून सर्वांत जास्त आनंद त्यांना होतोय हे मला माहीत आहे. तीन वर्षं तेच डंबेल, तेच दहा, दोन सेटच्या मध्ये फोनवर दहा मिनिटं, आणि सेट संपल्यावर गप्पा मारायला श्वास शिल्लक. तुमच्यासाठी वरचं काहीही लागू नाही. तुम्ही दोन रेप्स उरवत नाही, दहा उरवता. तुम्ही आठवडाभर या पत्रलेखकाबरोबर व्यायाम करा, दोघांचंही भलं होईल.

राहिला मित्र. तो आठवड्यातून तीनदा येतो याचा तुम्हाला राग आहे, पण ताकद टिकवायला किती थोडं पुरतं याचा अंदाज तुम्हाला नसावा. २०११ च्या एका अभ्यासात लोकांनी १६ आठवडे आठवड्यातून तीनदा व्यायाम केला आणि पुढचे ३२ आठवडे काहींनी तो एक तृतीयांश केला, तर काहींनी थेट नवव्या हिश्श्यावर आणला. वजन कमी केलं नाही, फक्त काम कमी केलं. तरुणांनी नवव्या हिश्श्यावरही कमावलेलं बऱ्यापैकी राखलं. वयस्कांना मात्र आकार टिकवायला तेवढं पुरलं नाही. तुमचा मित्र तर टिकवण्यापुरतं नाही, वाढण्यापुरतं करतोय. रात्री तीनदा उठून, बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारून, सकाळी वेळेवर जिममध्ये हजर होणाऱ्या माणसाला निष्ठा नाही म्हणायचं, तर मला निष्ठेची व्याख्या नव्यानं शिकावी लागेल.

त्याच्या शेजारी तुमचा जोर कमी पडतो, हे मला खरं वाटतं. तो थांबतो तेव्हा तुम्हाला तुमचं न थांबणं दिसतं, आणि ते बघणं सोपं नाही. एकट्यानं गेलात तर हा आरसा जाईल, पण स्पॉटरही जाईल, आणि शेवटपर्यंत जायची सवय असलेल्या माणसानं स्पॉटर सोडून एकट्यानं बेंच करणं हा तुमच्या दोन पर्यायांतला सरळसरळ वाईट पर्याय आहे. त्याचे तीन दिवस बरोबर करा, चौथा तुमचा स्वतःचा, त्यात बेंच नको. त्याच्या दिवशी त्याच्या पद्धतीनं महिनाभर करून बघा, टीका न करता. आणि एकदा सहज विचारा की पाचवर थांबायचं हे तो ठरवतो कसं. बारचा वेग बघतो, श्वास बघतो की पाठ वाकायला लागली की ओळखतो? अडीच वर्षं शेजारी उभं राहून तुम्ही त्याला हे विचारलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं.

आणि चौथ्या दिवशी जिम रिकामी असली, हात शिवशिवले आणि बेंचवर आडवं झालातच, तर रॅकच्या आडव्या पिना छातीच्या पातळीला लावून घ्या. पिना नसतील तर बारला क्लिपा लावू नका.